करंगळीची जागा

लवूच्या उजव्या हाताचे माप मी घेतले ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरने. मालवणच्या हायस्कुलात मी पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि त्या नाताळच्या सुटीत गावी येताना ते उपकरण मुद्दाम बरोबर आणले होते. अंगठा आणि तर्जनी शाबूत. मधले बोट अर्ध्यावर संपलेले. अनामिका आणि करंगळी मुळापासून नाहीत. बासष्टच्या हिवाळ्यात तो ईशान्य सीमेवर, रस्ते बांधणाऱ्या एका पलटणीत होता. माघारीच्या दिवसांत बर्फात ती बोटे गोठली आणि पुढे इस्पितळात काढून टाकावी लागली. शस्त्रक्रिया सफाईदार झाली होती, कातडी चांगली धरली होती. त्या हाताविषयी करता येण्यासारखे समाधानकारक विधान तेवढेच.

त्याची आई हौसाबाई खळ्यात सुपाऱ्या पसरीत होती. तिने मान वर करून विचारले, "काय रे शंकरा, माप कसला घेतस त्येच्या हाताचा?"

"आंगठी करूक इलो हा," लवू म्हणाला. "आता ती खंयच्या बोटात घालतलो, तां तेका इचार."

हौसाबाई हसली नाही. ती पुन्हा सुपाऱ्यांकडे वळली.

प्रश्न शिमग्याचा होता. आमच्या गावात होळीसाठी देवाच्या राईतला आंबा तोडतात, आणि त्या झाडावर पहिला घाव घालण्याचा मान लवूच्या घराण्याचा आहे. किती पिढ्यांचा, ते कोणाला ठाऊक नाही. जे सांगतात ते अंदाजाने सांगतात. घाव एकट्या उजव्या हाताने घालायचा. हाताला दोरी, फडके, काही बांधायचे नाही. पाते कोणते, याला मात्र बंधन नाही. पाते खोडात रुतले पाहिजे आणि गावकराचे, म्हणजे गावप्रमुखाचे, देवापुढचे गाऱ्हाणे पुरे होईपर्यंत तसेच राहिले पाहिजे. ते खाली पडले तर मान त्या घराण्याकडून जातो आणि शेजारच्या भाऊबंदांच्या घराकडे कायमचा वळतो. त्या वेळी दुसरे पाते आणायचे नाही. झाडाला त्या दिवशी एकच लोखंड दाखवायचे, म्हणून नव्या मानकऱ्यानेही तेच पाते उचलून घाव घालायचा. त्यानंतर कुऱ्हाडी चालतात आणि झाड पडते.

यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. पाते कोणाच्या हातात आहे हे झाडाला कळत नाही, आणि कळण्याची काही यंत्रणा झाडात नाही. परंतु लवू आणि मी एका बाकावर शिकलो होतो, आणि त्याचे वडील दाजी आदल्या श्रावणात वारले होते. लवू इस्पितळात असताना त्रेसष्टचा घाव त्यांनीच घातला. चौसष्टचा लवूवर आला होता. घरात दुसरा मुलगा नव्हता.

"आये म्हणता, मान गेलो तर जावंदे," लवू मला म्हणाला होता. "तिचा काय! पण माजां काय रवलां, तू सांग. शेत दुसरो करता. होडयेर माका कोण घेणा नाय. ह्यो वर्साचो एक घाव तेवढो माजो आसा, शंकरा. तो तरी जमवन दी."

म्हणून कॅलिपर.

अडचण साधी होती. आमच्याकडच्या कोयत्याची मूठ गोल, सरळ आणि गुळगुळीत असते. ती हातात राहते ती शेवटच्या तीन बोटांच्या जोरावर. अंगठा आणि तर्जनी केवळ दिशा देतात. लवूकडे दिशा देणारी बोटे होती, धरणारी नव्हती. माझ्यासमोर त्याने केळीच्या बुंध्यावर घाव घालून पाहिला. कोयता त्याच्या हातातून निघाला, खळे ओलांडून गेला आणि चिऱ्याच्या गडग्यावर आपटून पलीकडे शिवाच्या अंगणात पडला.

शिवा त्याचा चुलत भाऊ. मान गेला तर त्याच्याकडेच जाणार होता. तो कोयता हातात घेऊन गडग्याशी आला.

"लव्या, मेल्या, माझ्या कोंबयेचो जीव घेतलंस असतो! चीनचो राग माझ्या कोंबयेर काढतस?" मग त्याने कोयता परत दिला आणि गमतीनेच म्हटले, "जमणा नसात तर सांग हां. माजो हात रिकामोच आसा."

लवूही हसला. शिवा गेल्यावर त्याने डाव्या हाताने उजवा हात झाकून घेतला.

कुकरीची कल्पना लवूची. त्याच्या पलटणीजवळ गुरख्यांची एक तुकडी होती आणि तिच्यात हर्कबहादूर नावाचा एक नेपाळी त्याचा मित्र झाला होता. लवू त्याची कुकरी लाकडे फोडायला घेत असे. "तिची मूठ हातात अशी बसा," तो म्हणाला, "जसो काय कोणी हात धरल्यान. सुटाची म्हटल्यार सुटना नाय." हर्कबहादूरचे पुढे काय झाले हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

मला कल्पना पटली, ती यांत्रिक कारणांनी. कुकरीच्या मुठीला मध्यावर एक उंच कडे कोरलेले असते आणि शेवटाला ती पसरट होत जाते. हात मागे घसरू लागला की हे दोन्ही त्याला अडवतात. पाते पुढे वाकलेले असल्यामुळे वजन टोकाकडे असते; घाव घालायला जोर कमी लागतो आणि पाते लाकडात आपोआप ओढले जाते. दोन बोटांच्या हातासाठी याहून योग्य हत्यार मला सुचले नसते. मूठ मात्र बारीक आणि आखूड हवी, म्हणजे कडे तर्जनीच्या लगेच मागे येईल आणि पसरट टोक तळव्याच्या कडेला टेकेल. मी आकडे काढले आणि आम्ही आंबोलीच्या घाटाने बेळगावला गेलो. तिथे लष्करी छावणी आहे, आणि छावणीजवळच्या दुकानांत कुकऱ्या मिळतात असे लवूने ऐकले होते.

मिळत होत्या. निम्म्या भिंतीवर टांगायच्या होत्या. त्यांच्या मुठींवर पितळी सिंह होते आणि पात्यांना धार नव्हती. उरलेल्या चांगल्या होत्या. लवू एकेक उचली, डोळे मिटी, मूठ आवळी आणि परत ठेवी.

"जाड."

"ही टोचता."

"ही बरी आसा, पण आखूड. करंगळी भायर रवता."

मी कॅलिपर लावून पाहिले. ती मूठ माझ्या आकड्यांत बरोबर बसत होती. "आखूड नाही," मी म्हटले. "तुझ्या हाताला हीच लांबी हवी."

"तुज्या मापान आसात. माका बाधता."

करंगळी हा शब्द मी तेव्हा ऐकला आणि सोडून दिला. तळव्याच्या कडेला तो सवयीने करंगळी म्हणत असावा, असे मी धरले. दुकानदार मात्र कंटाळला होता. "काय ओ," तो म्हणाला, "मुलगी बघाय आलाय की कुकरी बघाय? तासभर नुसतं हातात हात धरून बसलाय!"

"मुलगी असती तर तिचो बापूस अजून चाय पाजी होतो," लवू म्हणाला आणि शेवटची कुकरी म्यानात घातली. आम्ही रिकाम्या हातांनी परतीच्या गाडीत बसलो.

गाडी आंबोलीला थांबली. बाबली नावाच्या माणसाची तिथे चहाची टपरी होती. लवूचा हात बघून त्याने विचारायचे ते विचारले, आणि ऐकल्यावर कपाळावर हात मारून घेतला. "अरे, बेळगावाक कित्याक गेलास? हयसरच एक गुरखो आसा मरे! त्या वयल्या बंद बंगल्यार राखणेक. कमरेक कुकरी घेवन फिरता आणि तेना फणस कापता. माका वाटता, देशातलो एकच शूर माणूस तो, जो फणसाक भियाना नाय."

आम्ही गाडी सोडली आणि वर चढून गेलो.

तो म्हातारा होता, नाव मानबहादूर. मराठी त्याला येत नव्हती. लवूने हात दाखवला तेव्हा त्याने एवढेच विचारले, "कौन पलटन?" लवूचे पाय आपोआप जुळले, पाठ सरळ झाली आणि त्याने पलटणीचे नाव सांगितले. म्हाताऱ्याने कमरेची कुकरी उपसून, पाते स्वतःकडे करून, मूठ त्याच्यापुढे धरली.

मूठ म्हशीच्या शिंगाची होती, वापराने झिजून बारीक झालेली. मी तिचे माप घेतले आणि मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. बेळगावच्या त्या आखूड मुठीपेक्षाही ती माझ्या आकड्यांशी नेमकी जुळत होती. बंगल्यामागे जळाऊ लाकडांचा ढीग होता. लवूने एका ओंडक्यावर घाव घातला. पाते रुतले आणि तिथेच राहिले. त्याने ते काढून पुन्हा घाव घातला, पुन्हा रुतले. मानबहादूर मान डोलवीत होता.

"झाले," मी म्हटले.

"घाव बरो बसता," लवू म्हणाला. "पण करंगळी भायर रवता, रे."

तो डाव्या हाताने मुठीच्या खाली काहीतरी चोळीत होता. तिथे काही नव्हते. मुठीचे टोक जिथे संपते त्याच्या पलीकडच्या हवेत, करंगळी असती तर जिथे आली असती नेमक्या त्या ठिकाणी, त्याची डावी बोटे चोळल्यासारखी फिरत होती.

"कोणती करंगळी, लवू?"

"ही." त्याने तीच जागा दाखवली. "भायर लोंबाकळता. थंडी लागता तिका."

अवयव काढून टाकल्यावरही त्याची जाणीव मेंदूत शिल्लक राहते, हे मी वाचले होते. हाताचा एक नकाशा मेंदूत असतो आणि शस्त्रक्रिया त्या नकाशापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे बेळगावच्या दुकानांत लवू डोळे मिटून मूठ आवळीत होता तेव्हा तो पाच बोटांनी आवळीत होता. त्याची करंगळी खरोखरच बाहेर राहत होती. माझी मापे बरोबर होती. ती दुसऱ्या हाताची होती.

मानबहादूर कुकरीचे पैसे घेईना. लवूच्या खांद्यावर एक जाड लोकरी कोट होता. इस्पितळातून सुटताना मिळालेला तो कोट कोकणात निरुपयोगी होता, तरीही घाटात जायचे म्हणून त्याने बरोबर घेतला होता. तो कोट त्याने म्हाताऱ्याच्या अंगावर घातला. बाह्या बोटांखाली आल्या. "बहुत गरम," मानबहादूर म्हणाला, आणि बटणे लावू लागला.

"तो कोट माका उशिराच मिळालो," घाट उतरताना लवू म्हणाला. "त्येका तरी येळेर गावलो."

गावी आल्यावर रोज सराव सुरू झाला; शाळा उघडल्यावर मी दर रविवारी येऊ लागलो. शिंगाच्या मुठीने घाव चुकत नव्हता. केळीचा बुंधा असो की फणसाची फांदी, पाते रुतत होते. पण प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्यावर एक आठी पडे, आणि सराव संपला की तो नसलेले बोट चोळीत बसे. हौसाबाईने मला बाजूला घेतले.

"शंकरा, जेवतानासुदा हात मांडयेत दडवता. तेल लावन दिलंय, तर म्हणता, हयसर नको, थंयसर लाव. थंयसर खंय लावू मी? थंय काय आसा?"

तिला मी नकाशाची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे बोटां थंयच रवली आणि दुखणां तेवढां घराक इलां."

तेव्हा मला जे सुचले ते यांत्रिक दृष्ट्या वेडेपणाचे होते. जाणीव जर पाच बोटांची असेल, तर मूठ पाच बोटांची करून पाहावी. लवूच्या डाव्या हाताचे माप घेतले, ते आरशातल्यासारखे उलटे केले आणि वाडीतल्या सुताराला, बाबू मेस्तला, चिंचेच्या लाकडाची लांब मूठ करायला सांगितली. तिच्या शेवटी करंगळीसाठी एक खोलगट जागा.

बाबू मेस्तने रंधा खाली ठेवला. "मास्तर, बोटां दोन आणि मूठ पाचांची? शाळेत असाच गणित शिकवतास काय तुमी?"

"अर्दां बोट धरूक नाय तुमी, मेस्त्यानु," लवू म्हणाला. "अडीच सांगा. माका फसवू नकात."

लाख तापवून मेस्तने पाते त्या मुठीत बसवले. शिंगाची मूठ मी जपून ठेवली. लवूने नवी मूठ हातात घेतली, डोळे मिटले आणि आवळली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आठी पडली नाही. खांदे हळूहळू खाली आले, जसे ओझे उतरवलेल्या माणसाचे येतात.

"बसली," तो म्हणाला. "शंकरा, बसली रे. दुखणा नाय."

ते खरे होते. त्या दिवसापासून तो कुकरी हातात धरून खळ्यात बसू लागला. काही कापीत नसे, नुसती धरून बसे. हौसाबाईने सांगितले, की तो जेवतो, नीट झोपतो, आणि गावात कोणाशी बोलताना हात दडवीत नाही. नेपाळात मुलगे मूठ धरूनच जन्मतात, असे काहीतरी सांगून त्याने तिला हसवलेही होते. वाडीतल्या बायका तिच्या मुलाकडे बघून म्हणत, झील परत इलो गो तुजो. ती म्हणे, आता इलो.

मग त्याने केळीवर घाव घातला आणि कुकरी हातातून निसटून पडली.

मी याची अपेक्षा केली होती. लांब मुठीत पसरट टोक तळव्यापासून दूर गेले होते. जिथे ते अडवणार होते तिथे अडवायला बोट नव्हते. मी अनेक उपाय केले. तर्जनीमागे आणखी एक कडे बसवले, तर लवू ओरडला की ते अनामिकेत रुतते. मूठ खरवडून खडबडीत केली, थोडा फरक पडला. कधी पाते रुतून राही, बहुतेक वेळा पडे. जी मूठ असलेली बोटे धरू शकत होती ती नसलेल्यांना सोसत नव्हती, आणि जी नसलेल्यांना हवी होती ती असलेल्यांच्या हाती राहत नव्हती. मधली मूठ निघेना.

शिमगा जवळ आला तेव्हा मी शिंगाची मूठ घेऊन त्याच्याकडे गेलो.

"मेस्त तयार आहे. घटकाभराचे काम. शिमगा झाल्यावर पुन्हा ही लांब बसवू आणि ती तू जन्मभर हातात धरून बस. त्या एका घावापुरती शिंगाची."

"नको."

"लवू, ही पडेल. तू स्वतः पाहिले आहेस."

"बघलंय. कधी रवता, कधी पडता."

"बहुतेक वेळा पडते. आणि पडली की मान गेला. एका घावाचे दुखणे तुला सोसणार नाही?"

"दुखण्याचा नाय रे." लवू म्हणाला. "गाऱ्हाण्यात गावकर काय म्हणता? 'ह्या घराण्याच्या हाताचो घाव मान्य करून घे म्हाराजा.' हात म्हणता तो. शिंगाच्या मुठीन घाव बसता, माका ठावक आसा. पण तो हात माजो नसता. कोण दुसरोच घाव घालता आणि मी बाजूक उभो ऱ्हवान बघतंय, असा वाटता. देवासमोर तसो खोटो घाव कसो घालू?"

"झाडाला काय कळते?"

"झाडाक नाय कळणा," लवू म्हणाला. "माका कळता."

हे विधान खरे होते. देवाविषयीचे मी नाकारू शकत होतो. त्याच्या हाताविषयीचे नाही. मेंदूतल्या नकाशाची गोष्ट मीच त्याच्या घरात सांगितली होती. मी शिंगाची मूठ खिशात घातली. ती होळीच्या दिवशीही खिशातच होती, गरज पडली तर असावी म्हणून. गरज पडण्यासारखी व्यवस्था त्या विधीत कुठेही नव्हती हे माहीत असूनही.

होळीच्या दुपारी सगळा गाव राईत जमला. बायका थोड्या अंतरावर, वाटेच्या कडेला उभ्या होत्या. हौसाबाई त्यांच्यात सर्वांत मागे. ढोल वाजत होते. शिवा पुढच्या रांगेत होता. कुऱ्हाडवाले बाजूला सरकले आणि आंब्याच्या खोडाभोवती मोकळी जागा झाली. गावकराने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली. प्रत्येक वाक्याला गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होता, आणि सवयीने माझेही ओठ हलले.

"...आणि ह्या घराण्याच्या हाताचो घाव मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लवूने कुकरी उपसली. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, कोणाकडेच पाहिले नाही. डोळे मिटून मूठ आवळली, आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच निवांतपणा दिसला जो चिंचेची मूठ प्रथम हातात घेताना दिसला होता. मग त्याने डोळे उघडले, हात उचलला आणि घाव घातला.

घाव सरळ होता. दिशा अचूक होती, जोर पुरेसा होता. पाते सालीतून आत शिरले, आणि त्याच क्षणी मूठ त्याच्या तळव्यातून मागे सरकली. पाते किंचित फिरले, थरथरले. क्षणभर मला वाटले की ते धरेल. खोडातून पांढरा चीक आला. मग कुकरी स्वतःच्या वजनाने खाली कलली आणि पाचोळ्यात पडली.

ढोल थांबले. वाजवणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते.

गावकर म्हातारा माणूस होता. त्याने दाजींचे घाव पाहिले होते. तो खाली बघूनच म्हणाला, "शिवा, ये पुढे."

शिवा जागचा हलला नाही. "परत घालूंदे त्येका. कोणी बघूक नाय. लव्या, उचल. उचल मरे!"

"तसा चलणा नाय, शिवा."

"चलणा नाय म्हणजे काय? मान माका व्हयो काय? म्या मागलंय काय?" त्याचा आवाज फुटला. "कोंबयेची मस्करी केलंय ती केलंय. ह्यां नको माका."

लवूनेच वाकून कुकरी उचलली. पात्यावर चिकटलेले पान त्याने सदऱ्याने पुसले, आणि मानबहादूरने त्याच्यापुढे धरली होती तशीच, पाते स्वतःकडे करून, मूठ शिवापुढे धरली.

"घे," तो म्हणाला. "झाड ताटकाळता."

शिवाने ती घेतली. मूठ हातात बसताच तो दचकल्यासारखा थबकला आणि हाताकडे पाहू लागला. मी जवळच उभा होतो; मलाही ते दिसले. मी ती मूठ लवूच्या डाव्या हातावरून, पाच बोटांच्या हातासाठी काढली होती. शिवा त्याच्या चुलत्याचा मुलगा, त्याच हाडापेराचा. चारही बोटे आपापल्या जागी गेली होती, आणि करंगळी शेवटच्या खोलगटीत, जणू ती तिच्यासाठीच कोरली होती, तशी टेकली होती.

त्याने घाव घातला. पाते त्याच खाचेत शिरले आणि राहिले. गावकराने गाऱ्हाणे पुरे केले, गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, ढोल सुरू झाले. बायकांच्या घोळक्यातून हौसाबाई एकटी पाठ फिरवून घराच्या वाटेला लागली.

लवू झाडाकडे बघत नव्हता. शिवाने मूठ अजून सोडली नव्हती, आणि लवू त्या हाताकडे बघत होता.

"बसली मरे," तो मला हळूच म्हणाला. "बघलंस? एकव बोट भायर नाय."

कुऱ्हाडी चालू झाल्यावर आम्ही निघालो. शिवा कुकरी घेऊन मागून धावत आला. लवूने ती घेतली नाही. "रवांदे तुज्याकडे. पुढल्या वर्साक लागतली," एवढेच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. शिंगाची मूठ माझ्या खिशात चालताना मांडीला लागत होती.

फाल्गुनातली दुपार होती. वाटेवरचा दगड तापला होता आणि माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. लवूने उजवा हात सदऱ्याच्या आत घालून डाव्या काखेत घट्ट धरला होता. गडग्याजवळ आल्यावर तो थांबला.

"तो कोट देवूक नको होतो, शंकरा," तो म्हणाला.